स्पीकर बदलण्याआधी मागची वायर बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत घरच्या म्युझिक सिस्टिमवर लेख आला होता, वाचला, फोटो झकास होते. पण रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या डब्याला, स्पीकर जोडायचे कसे यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही, केबल मात्र हजारो रुपयांची सुचवलीय. म्हणून हे पत्र. मी इंजिनीअर वगैरे नाही, आयुष्य बँकेत गेलं, पण याच बाबतीत या वर्षी दोनदा मूर्ख ठरलोय, एकदा स्वतःच्या हाताने आणि एकदा मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर.

पहिला किस्सा घरचा. गणपतीच्या आधी रंग काढला, सामान मधे ओढून वर प्लॅस्टिक टाकलं, रंगाऱ्यांनी स्पीकरच्या वायरी उपटल्या आणि नंतर मीच घाईघाईत परत जोडल्या. लावलं तर आवाज येतोय, चांगला मोठा येतोय, पण तबल्याचा डग्गा गायब! गाणारी बाई दोन स्पीकरच्या मधे उभी राहून गातेय असं वाटायला पाहिजे ना, ती कधी खिडकीतून गातेय तर कधी पंख्यातून. मुलगा म्हणाला बाबा पंचवीस वर्षं झाली या डब्यांना, आता साउंडबार घेऊ. मीही जवळजवळ तयार झालो होतो, मग एका रविवारी टॉर्च घेऊन शोकेसमागे घुसलो तर उजव्या स्पीकरची लाल वायर काळ्यात आणि काळी लालमध्ये.

एवढ्याने काय होतं? तर डाव्या स्पीकरचा कागद, म्हणजे आवाज काढणारा तो थरथरणारा शंकू, बाहेर येतो तेव्हा उजव्याचा आत जातो, एक हवा ढकलतो तर दुसरा ओढतो, आणि खर्जातले सूर एकमेकांना खाऊन टाकतात. पन्नास हर्ट्झच्या सुराची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते, आमचा हॉल तेवढा लांब नाहीच, त्यामुळे मुंबईच्या घरात ही चूक आणखी अंगावर येते. वरच्या पट्टीचे सूर तसे वाचतात, म्हणून माणसाला वाटतं सिस्टिम चालू आहे पण म्हातारी झालीय. वायरीच्या दोन पदरांपैकी एकावर रेघ, उंचवटा किंवा अक्षरं असतात, तो पदर दोन्ही टोकांना लालवर घ्यायचा, बस्स. खुणा पुसल्या असतील तर वायर रिसीव्हरमधून पूर्ण काढून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल तिच्या टोकांना क्षणभर टेकवा, कागद बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेला पदर तोच प्लस.

आता तो रविवार होताच तर म्हटलं वायरीच बदलू. आमचं घर माहीमला, समुद्र पाच मिनिटांवर, टोकाचं तांबं असं काळं-हिरवं पडलं होतं की चिंच लावायच्या आधीचा देवघरातला तांब्याच जणू. खरं तर तेवढं टोक कापून नवीन सोललं असतं तरी चाललं असतं. पण वायरही बारीक होती, अर्ध्या एमएमची असेल (दुकानातलं एमएम म्हणजे तांब्याच्या छेदाचे चौरस मिलिमीटर). उजवा स्पीकर दाराच्या चौकटीवरून फिरवून नेलाय, दहा मीटर होतात, वीज एका पदराने जाऊन दुसऱ्याने परत येते म्हणजे वीस मीटर तांबं, त्याचाच रोध (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) पाऊण ओहमच्या आसपास, आणि स्पीकर आठ ओहमचा. साधा ठोकताळा असा की वायरीचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, म्हणजे आठला ०.४. अडीच एमएमची घेतली तर तोच रोध ०.१५ वर येतो. त्यापुढे कितीही महागडी केबल घाला, माझ्या कानाला तरी फरक कळत नाही आणि हिशोबालाही कळत नाही. दोन्ही स्पीकरच्या वायरी सारख्याच लांबीच्या पाहिजेत म्हणून जास्तीची वायर मागे गुंडाळून ठेवणारे पण पाहिलेत, जाड वायरीत दोन-चार मीटरने काही बिघडत नाही हो.

तर लॅमिंग्टन रोड. दुकानाचं नाव लिहीत नाही. "प्युअर कॉपर, साहेब, डोळे झाकून घ्या", आणि मी खरंच डोळे झाकून घेतली. वरून पारदर्शक, एक पदर तांबूस, एक पांढरा, दिसायला सुंदर. घरी येऊन सोलायला लागलो तर तंतू बोटात मोडायला लागले, बंडलही हातात हलकं वाटलं. ब्लेडने तांबूस तंतू खरवडला, आत पांढरं! ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीत हिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट, आणि पैसे घेतले तांब्याचे. यात एक गफलत होऊ शकते, पांढरा पदर दिसला म्हणून लगेच भांडायला जाऊ नका, कथिलाचा हात दिलेलं अस्सल तांबंही वरून पांढरं दिसतं, खरवडल्यावर आत लाल निघालं तर माल खरा. ही वायर विकायला माझी हरकत नाही, काही कामांना चालतेही, पण वेष्टनावर धातू कोणता आणि छेद किती चौरस एमएम हे ठळक नको का छापायला? वर नुसतं 'हाय डेफिनिशन' लिहून काय उपयोग, वायर काय टीव्ही आहे?

दुसऱ्या दुकानातून साधी अडीचची तांब्याची आणली. जोडताना रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बोटभर सोलू नका, सेंटीमीटरभर पुरे, आणि तंतू घट्ट पिळून घ्या. माझा केसाएवढा एक तंतू बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकला होता, प्लग लावला तसा आतून टक्क आवाज आणि पडद्यावर 'प्रोटेक्ट', म्हणजे बिघाड दिसताच आपोआप बंद. रिसीव्हरमध्ये ती सोय होती म्हणून वाचलो, जुन्या ॲम्प्लिफायरचा धूरच निघाला असता. आणि एकाच टर्मिनलवर चार स्पीकर लावायचा मोह होतो, आमच्या वरच्या मजल्यावर झालाय. आठचे दोन समांतर जोडले की चार ओहम होतात, चारचे दोन लावले की दोन, ओहम कमी तसा करंट जास्त, आणि मग रिसीव्हरवर पापड भाजता येतात.

डग्गा परत आलाय. साउंडबारचा विषय मुलाने अजून सोडलेला नाही.

ॲल्युमिनियमचं बंडल परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला कापलेली वायर परत घेत नाही, आणि बिलावर बघितलं तर नुसतं 'स्पीकर वायर' लिहिलेलं, कॉपर शब्दच नाही. पुढच्या वेळी तो शब्द आधी बिलावर लिहून घेईन. सध्या त्या वायरीने बायकोने खिडकीच्या ग्रिलला मनीप्लँटचा वेल बांधलाय.

आपला,
एक जुना वाचक, माहीम, मुंबई