वर्गशिस्त आणि आजारी मूल

‘तास चालू असताना मुलांना बाहेर सोडू नये’ हे आपल्या अंकातील शिक्षकाचे पत्र वाचले. सरसकट नियम पटत नाही. माझ्या नववीतल्या मुलाला बायपोलर हा मनःस्थिती टोकाची बदलणारा मानसिक आजार आहे. त्यावर तो लिथियम या औषधाच्या गोळ्या घेतो. त्यांनी तहान फार लागते, लघवीला वारंवार जावे लागते. खानदेशात मार्चअखेरीसच पारा चाळिशी गाठतो. अशात अंगातले पाणी कमी झाले, तर रक्तातील लिथियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. तरी ‘नाटकं करतो’ म्हणत त्याची पाण्याची बाटली शिक्षकांच्या टेबलावर जमा होते! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. शासनमान्य शाळांनी गरजेनुसार सोयी द्याव्यात, असे त्याचे कलम १६ सांगते. जादा गुण कोण मागतंय? पाणी पिण्याची आणि बाहेर जाण्याची मुभा शाळांनी लेखी द्यावी.

– एक पालक, अमळनेर (जि. जळगाव)