अक्षरी लिहिता येईल असे नाव हवे

संपादक महोदय,

डिचोलीतल्या एका पतसंस्थेत मी एकोणतीस वर्षे रोखपाल होते. पैसे काढायच्या स्लिपवर आकड्याच्या शेजारी 'अक्षरी रुपये' अशी ओळ असते. ती कोरी असली तर मी स्लिप परत करायचे. लोक रागावत, कारण त्यांना बसची घाई असे. पण आकड्यात एक शून्य जास्त पडले तर ते त्या ओळीतच पकडले जाते, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. 'चार हजार' लिहिणारा हात चुकून 'चाळीस हजार' लिहीत नाही.

ही ओळ मला गेल्या चवथीच्या आधी फार आठवली. माझा भाचा बोटीवर नोकरीला आहे. पगारातले थोडे तो बिटकॉइनमध्ये, म्हणजे कुठल्याही बँकेशिवाय इंटरनेटवर चालणाऱ्या डिजिटल चलनात, ठेवतो. घराची कौले परतायची होती, म्हणून त्याने माझ्या फोनवर ०.००६ बिटकॉइन पाठवले आणि त्यातले ०.०००५ त्याच्या मित्राला द्यायला सांगितले. कौले आणायचे भाडे त्या मित्राने भरले होते. मी ०.००५ पाठवले. दशांशचिन्हापुढे तीन शून्ये हवी होती, माझ्याकडून दोनच पडली. एका बिटकॉइनला ८० लाख रुपये धरले तर द्यायचे होते चार हजार आणि गेले चाळीस हजार. अर्ज द्यायला इथे शाखा नाही, व्यवस्थापक नाही. एकदा नोंदला गेलेला व्यवहार मागे फिरवता येत नाही. मुलगा सज्जन, त्याने दुसऱ्या दिवशी जास्तीचे परत पाठवले. पण ती रात्र मी जागून काढली.

आयुष्यभर नोटा मोजलेल्या बाईकडून हे का झाले, याचा मी बराच विचार केला. ०.०००५ ही रक्कम तोंडाने म्हणता येत नाही. अक्षरी लिहायची तर 'पाच दशसहस्रांश' लिहावे लागेल. अशा भाषेत बाजारात कोणी बोलत नाही. आणि गंमत नव्हे, खंत वाटावी अशी गोष्ट म्हणजे याला नाव आहे! एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात आणि त्यातल्या एका भागाला साटोशी म्हणतात. २००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने ज्याने कुणी बिटकॉइनचा आराखडा मांडला, त्याच्यावरून हे नाव पडले. मला द्यायचे होते पन्नास हजार साटोशी. मी पाठवले पाच लाख. पडद्यावर 'पाच लाख' दिसले असते तर माझे बोट तिथेच थांबले असते.

दहा कोटी हा आकडाही आपल्या मोजणीत नेमका बसतो. ८० लाखांच्या भावाने एक साटोशी आठ पैशांचा होतो. हे डिचोलीच्या बाजारात मिरच्या विकायला बसणाऱ्या बाईलाही समजेल.

लहान नाण्याचे नाव ही गोव्यात क्षुल्लक बाब कधीच नव्हती. माझ्या आईने लग्नानंतर सासरच्या भुसारी दुकानात हिशेब लिहायला घेतला तेव्हा पोर्तुगीज रुपी चालत होती. एका रुपीचे सोळा तांगा, आणि एका तांग्याचे साठ रेइश. मग १९५८-५९ च्या सुमारास एस्कुद आला, सहा एस्कुदांची एक रुपी, आणि एस्कुदाचे शंभर सेंताव. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि मागोमाग भारतीय रुपया व नवे पैसे आले. चारेक वर्षांत तीन चलने! आई चौथीपर्यंत शिकलेली, पण तिच्या वहीत घोळ झाला नाही, कारण प्रत्येक नाण्याला वेगळे नाव होते. तांगा म्हटला की सेंताव कोणी समजत नसे.

भारतात १९५७ च्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर पैसे झाले, त्याआधी चौसष्ट होते. पैसा हेच नाव दोन वेगळ्या किमतींना लागले असते, म्हणून सरकारने नाण्यावर 'नया पैसा' छापले आणि जुना विसरला जाईपर्यंत, १९६४ पर्यंत, तो 'नया' शब्द ठेवला. म्हणूनच सर्वांत लहान भागालाच 'बिटकॉइन' म्हणावे, अशी जी सूचना काही जाणकारांनी मांडली आहे, तिला माझा पूर्ण विरोध आहे. आज ज्याला एक बिटकॉइन म्हणतो ते उद्या दहा कोटी बिटकॉइन होणार, आणि जुने संदेश, जुन्या पावत्या तशाच राहणार. फसवणाऱ्याला याहून सोपी वाट कोणती?

शंभर साटोशींना 'बिट' म्हणायचीही एक पद्धत आहे. वरच्या भावाने एक बिट आठ रुपयांचा, म्हणून हिशेबाला तो सोयीचा. तरीही मला तो नको वाटतो. बोटीवरून येणाऱ्या फोनवर निम्मे शब्द गळतात. 'पाच बिट' आणि 'पाच बिटकॉइन' यांत गळण्यासारखे एकच 'कॉइन' आहे. सोनारांची गुंजही माझ्या मनात आली होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, किती नेटके मोजमाप! पण बोटीवर भाच्याशेजारी फिलिपिन्सचा माणूस बसतो, त्यालाही समजेल असे एकच नाव बरे.

बिटकॉइन कोणी घ्यावे असे मी सांगत नाही. आपल्याकडे ते कायदेशीर चलन नाही, नफ्यावर ३० टक्के कर आहे, भाव तर रोज हलतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी प्रायोगिकपणे आणलेल्या डिजिटल रुपयात ही अडचणच नाही, कारण तो आपल्या नोटा-नाण्यांच्याच रकमांत मिळतो. पण गोव्यातली किती मुले बोटींवर आणि परदेशात आहेत! त्यांच्यापैकी कुणाचे पैसे या वाटेने घरी येत असतील तर ते उघडणारे हात आमच्यासारख्यांचे असतात.

माझ्या फोनवर साटोशीत रक्कम दाखवायची सोय होतीच. ती तीन पडदे आत होती, भाच्याने सुटीवर आल्यावर ती लावून दिली. ॲप बनवणाऱ्यांनी ती पहिल्याच पडद्यावर आणावी आणि पाठवण्याआधी मराठीत एक अक्षरी ओळ दाखवावी, एवढे तरी करावे. आणि आपल्याकडेही एक मागणे आहे. बिटकॉइनचा भाव छापाल तेव्हा शेजारी एक साटोशी किती पैशांना पडतो तेही छापा. एक ओळ वाढेल. दोन महिन्यांत वाचकांच्या तोंडी ते नाव बसेल.

आपली,
एक निवृत्त रोखपाल, डिचोली