कुंड्यांना पाणी कोण घालील?

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दादासोबत एक खोकं पाठवते आहे. त्यात कागदात गुंडाळलेली मातीची कुंडी आहे. आई, तू खोकं उघडशील, पान चोळून बघशील आणि "हाई काय शे?" म्हणशील, ते मला इथूनच ऐकू येतंय. इथे नर्सरीत याला पांडा प्लांट म्हणतात, शास्त्रीय नाव कलांचो टोमेंटोसा. मूळचं मादागास्करचं. सशाच्या कानासारखी जाड पानं, त्यावर राखाडी-पांढरी लव, कडेला तपकिरी ठिपके. बघ, पण फार चोळू नकोस. लव गेली की त्या पानावर डाग राहतो.

बाबा, आता तुमच्याशी. हे केळीच्या अगदी उलट आहे. केळीला पाण्याची एक पाळी चुकली तर तुमचा जीव वरखाली होतो. याला पाळी चुकवणंच मानवतं. पानांत पाणी साठवलेलं असतं. शिवाय त्याची श्वासाची छिद्रं दिवसा मिटलेली असतात, रात्री उघडतात, म्हणून भर उन्हातही पाणी उडून जात नाही. लवही उन्हाची धग परतवते. म्हणून बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर हात आवरा. कोरडी ठणठणीत असेल तर कडेने, पानांवर न पडू देता, खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला. बशीत पाणी ठेवू नका. थंडीत दोन-तीन आठवडे पाणी नाही दिलं तरी चालतं. पानं सुरकुतली तर ते तहानलेलं आहे; पण मऊ, पिवळी, पाणचट होऊन गळायला लागली तर पाणी जास्त झालंय. लोक नेमके इथेच फसतात, दुसऱ्या खुणेलाही आणखी पाणी घालतात.

मळ्यातली काळी माती मात्र यात भरू नका. मोठ्या कुंडीत हलवायचं झालंच तर अर्धी जाड रेती, थोडे विटेचे तुकडे, बाकी माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. कपाशीला जी ओल धरणारी जमीन सोन्याची, तीच याची मुळं कुजवते.

जागा ओट्यावरची पूर्वेची. सकाळचं ऊन हवंच, नाहीतर ते उंच, किडकिडं होत जातं आणि पानांमध्ये अंतर पडतं. पण मेमध्ये चोपड्याला पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा दुपारचं ऊन पानं भाजून काढील. तेव्हा ओसरीत आत घ्या. पत्र्याखाली तर नकोच. पावसाळ्यातही पागोळ्यांपासून लांब.

पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. तुम्हाला कपाशीवरून ओळखीचा आहे. लवेत लपतो, म्हणून पानांचे बेचके बघत जा. फवारणी करू नका, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने टिपा. धूळ बसली तर कोरडा मऊ ब्रश फिरवा, ओला कपडा नको.

एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. हा पानफुटीचा भाऊबंद आहे. काकूंना ते कळलं की मुतखड्यावर म्हणून दोन पानं तोडायला येतील. तोडू देऊ नका. याच्यात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. बकरीचं तोंड पोचेल अशा जागी तर कुंडी मुळीच नको. कलांचोच्या जातींनी जनावरांना विषबाधा होते. काकूंना रोपच हवं असेल तर एक निरोगी पान देठापासून अलगद काढा, तीन-चार दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या आणि मग जेमतेम ओलसर रेतीवर ठेवा. मुळं धरायला काही आठवडे लागतात. घाई केली, ओलं पान लगेच पुरलं, तर कुजतं.

आता खरं सांगते. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे करून घे म्हणून मी किती वेळा म्हटलं, आणि दर वेळी तुझं एकच, "कुंड्यांना पाणी कोण घालील?" या नव्या कुंडीला थंडीत तीन आठवडे कोणी विचारलं नाही तरी चालतं. बाकीच्या कुंड्या शेजारच्या पोराकडे द्या आणि तुळशीला काकू आहेतच. फुकटचा पाहुणचार नको म्हणाल तर येताना भरिताची वांगी आणा, इथल्या वांग्यांना ती चव नाही. दिवाळीनंतर थंडीत आलात तर उत्तम, डोळ्याला घामाचा त्रास नाही आणि गाडीतही उकडत नाही. बाबा, डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवते, तुम्ही फक्त तारीख कळवा. आईला विचारू नका, ती पुन्हा कुंड्यांवर जाईल.

तुमची,
बेबी