फान डेर मेर, म्हणजे तळ्याकडचे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्याकडच्या कागदावरचं 'फान डेर मेर' हे डच आडनाव म्हणजे समुद्राकडचे का, असं तू विचारलंस. नाही. डचमध्ये 'मेर' म्हणजे तळं, सरोवर. समुद्राला ते 'झे' म्हणतात. जर्मनमध्ये मात्र 'मेर' म्हणजे समुद्रच, त्यामुळे पुष्कळ जण फसतात.

'फान' आपल्या '-कर'चं काम करतो, फक्त पुढून. फरक एवढाच की '-कर' बहुधा गावाच्या नावाला लागतो. इथे घराजवळचं तळं, बांध किंवा टेकाड पुरतं. फान डाइक बांधाकडचे, फान डेन बेर्ख टेकडीकडचे. जर्मन 'फॉन'सारखी सरदारकी यात शोधू नकोस. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मधला 'डेर'. ते जुनं स्त्रीलिंगी विभक्तिरूप आहे. आजचं 'मेर' नपुंसकलिंगी आहे, पण बोलण्यातून गेलेलं व्याकरण आडनावात जसंच्या तसं राहिलं. 'फान डेर' आखडून 'फेर' झालं, म्हणून डेल्फ्टचा चित्रकार फेरमेरही तळ्याकडचाच. मात्र त्याचे वडील आधी 'फोस', म्हणजे कोल्हा, असं नाव लावत. तेव्हा सतराव्या शतकातलं आडनाव पक्कं धरून वंशावळ जुळवायला गेलास तर चुकशील.

नेपोलियनने 1811 मध्ये आडनावाची नोंद सक्तीची केली. सगळी डच आडनावं तेव्हाच जन्मली, हा समज खोटा आहे; अनेक घराण्यांत ती आधीपासून होती, पण नेदरलँड्सच्या उत्तरेकडे बरेच लोक तोवर फक्त बापाचं नाव लावत. म्हणून मुलकी नोंदींपासून मागे जा, त्याआधीसाठी चर्चच्या बाप्तिस्मा वह्या बघ, आणि फेरमेर, फान्डरमेर ही रूपंही तपास.

तळं शोधायला आजचा नकाशा घेऊ नकोस. नेदरलँड्समधलं बेमस्टर हे तळं 1612 मध्येच उपसून कोरडं केलं. हार्लेमरमेर तर केवढं, सुमारे 18,000 हेक्टर! तेही वाफेच्या पंपांनी 1852 पर्यंत आटवलं. अ‍ॅमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ त्याच आटलेल्या तळ्याच्या जागी उभा आहे. तळी गेली, तरी नावं राहिली. शिवाय बेल्जियममध्ये मेर नावाचं गावही आहे, तेव्हा मूळ तळ्याऐवजी गावाचंही असू शकतं.

एक खूण लक्षात ठेव: नेदरलँड्सच्या यादीत हे नाव 'एम'खाली मिळेल, बेल्जियमच्या यादीत 'व्ही'खाली, कारण 'फान' रोमन लिपीत 'व्ही'ने लिहितात (van).

तुझ्याकडच्या कागदावर 'फान डेर' सुटं लिहिलंय की जोडून, आणि गाव कोणतं, ते कळव.

तुझा मित्र