रात्री वाचत असशील तर सकाळी वाच

नाशिक, रविवार

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

संगमनेर गेल्यावर तू आईला मेसेज केलास, मला नाही. असू दे. डबा घरीच राहिला, तो दुपारी मी संपवला. झोपेबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

तुझ्या कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रॅमची प्रिंट टेबलावरच राहिली. चार पानं, वर लाल पेनाने '३८ एरर' आणि शेजारी रडकं तोंड. मला ती जावा भाषा येत नाही, हे काल रात्री तू अख्ख्या बिल्डिंगला ऐकवलंसच. पण कंस मोजता येतात. पेन्सिल घेतली. उघडणारे महिरपी कंस २३, मिटणारे २२. तीनदा मोजले. तुझं प्रत्येक फंक्शन संपतं तिथे समासाजवळ एकटा कंस उभा असतो. बेरजेच्या बटणाचं मात्र संपतच नाही, त्याच्या पोटातच वजाबाकीचं सुरू झालंय. आणि भागाकाराच्या ओळीत अवतरणचिन्ह उघडलंय ते उघडंच. मला दोनच चुका दिसल्या गं. एक कंस राहिला की पुढचं सगळं कॉम्प्युटर वाकडंच वाचत जाणार आणि भलत्याच ओळीवर बोंबलणार. तू तीन वाजेपर्यंत जिथे लाल तिथे कंस ठोकत होतीस. तसं करू नये. सगळ्यात वरची लाल ओळ धरायची, तेवढीच दुरुस्त करायची, परत चालवून बघायचं. आमच्याकडे कारखान्यात मशीन अडलं तरी पहिला अलार्म बघतात, बाकीचे त्याच्या मागून आलेले असतात. आणि डोळे मिटत असताना तर

असो. लेक्चर झालं. माफ कर.

२००४ सालची गोष्ट, सातपूरला, तिसरी पाळी. आईला दवाखान्यात नेण्या-आणण्यात माझा दिवस गेलेला, तू यायची होतीस. पहाटे चारला मशीनवर प्रोग्रॅम टाकला, झेड शंभर, म्हणजे कटर जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) वर शंभर मिलिमीटर उचल. शंभरापुढे दशांशाचा पॉइंट द्यायचा राहिला. आमच्या कंट्रोलवर पॉइंट नसला की आकडा मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, धरला जायचा. कटर उचलला गेला कागदाच्या जाडीएवढा, आणि तेवढ्याच उंचीवरून सुसाट आडवा निघाला तो थेट जॉब धरणाऱ्या क्लॅम्पवर. खाडकन आवाज. कटरचा तुकडा दाराच्या काचेवर आपटला, माझं तोंड पलीकडे वीतभर अंतरावर. आईला हे अजून माहीत नाही, तूही सांगू नकोस. पॉइंट द्यायचा असतो हे मला काय ठाऊक नव्हतं? रोज देत होतो. झोप नव्हती फक्त.

बघ, आलाच विषय.

काल तू 'सोडून देते' म्हणालीस आणि मी फीचा आकडा काढला. काढायला नको होता. मला मामा दिसला समोर, म्हणून तोंडातून गेलं. त्याचंही जागरणांपासूनच सुरू झालं होतं, हे तुला आजीने सांगितलं असेलच.

तिसऱ्या पानावर शून्याने भागलं तर काय दिसेल ते लिहिलंयस: 'शून्याने भागत नसतात, राजे'. एकटाच हसलो. हे तुला कुणी सुचवलं? सकाळी टपरीवर तिघांना सांगून झालं. एकाने विचारलं, ॲप कुठे मिळेल? म्हटलं, एक कंस राहिलाय, तो लागला की देतो.

प्रिंट उद्या कुरिअरने पाठवतो, आत्याचे लाडूही घालतो. ॲप चालू झालं तर मला फोन कर. नाही चालू झालं तरी कर, पण दहाच्या आत.

तुझा,
पप्पा

ता. क. खुणा पेन्सिलने केल्यात. चुकलो असेन तर खोडून टाक.