गाणे एल्व्हिसचे, पण मूळ त्याचे नव्हे

रविवारच्या पुरवणीतील गाजलेल्या इंग्रजी प्रेमगीतांवरील लेखात 'ऑलवेज ऑन माय माइंड' हे एल्व्हिस प्रेस्लीचे मूळ गाणे असल्याचे म्हटले आहे. ते बरोबर नाही. वेन कार्सन, जॉनी ख्रिस्तोफर आणि मार्क जेम्स या तिघांनी ते रचले. 1972 मध्ये एल्व्हिसच्या आधी ग्वेन मॅक्रे आणि ब्रेंडा ली यांच्या आवाजात ते प्रसिद्धही झाले होते. एल्व्हिसने त्याला दिलेली आर्तता विलक्षण आहे, यात वाद नाही. पण पुढे 1982 मध्ये विली नेल्सनने तेच गाणे जवळजवळ बोलल्यासारखे, संथपणे गायले. त्यातला पश्चात्ताप मला अधिक खरा वाटतो. या ध्वनिमुद्रणानंतरच, 1983 च्या सोहळ्यात, गाण्याला 'साँग ऑफ द इयर' हे ग्रॅमी मिळाले. हे पारितोषिक गायकाला नव्हे, तर गाणे रचणाऱ्यांना दिले जाते. पाचच वर्षांत पेट शॉप बॉइज या ब्रिटिश पॉप जोडीने त्याला नाचाचा ठेका दिला, तरीही ते टिकले. इतके वेगवेगळे आवाज पेलणारी ही रचना ज्यांची, त्यांचे नावही लेखात नसावे, याचे वाईट वाटले. कृपया पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, ठाणे