हिरोशिमाची नामावली

प्रिय वसंतास,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी त्याच दिवशी तीच भाषणे, तीच पुष्पचक्रे आणि तेच मौन असेल, तर अशा समारंभांना उपचारापलीकडे काय अर्थ उरतो, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. २०२५च्या ६ ऑगस्टला हिरोशिमाच्या शांतिस्मृती समारंभाला हजर राहण्याचा योग आला, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या शंकेला आधार आहे, हे आधी मान्य करतो. २०२१ साली पंतप्रधान योशिहिदे सुगा यांच्या भाषणाची पाने डिंकामुळे एकमेकांना चिकटली आणि अण्वस्त्रमुक्त जगाविषयीचा मजकूर वाचायचाच राहून गेला! महापौर आपल्या शांतिघोषणेत अण्वस्त्रबंदी कराराचा आग्रह धरतात आणि त्यानंतर बोलणारे पंतप्रधान त्या कराराचे नावही घेत नाहीत, हा तर आता परिपाठच झाला आहे.

पण हा समारंभ भाषणांवर उभा नाही. सकाळी आठ वाजता तो सुरू होतो तोच मुळी नामावलीने. समारंभ जिथे होतो त्या शांतिस्मृती उद्यानात, वास्तुविशारद केन्झो तांगे यांनी रचलेल्या कमानीखाली एक दगडी पेटी आहे. मागील वर्षभरात ज्या बाँबपीडितांचे मृत्यू नोंदले गेले, त्यांची नावे हाताने लिहिलेले खंड महापौर आणि मृतांचे नातेवाईक त्या पेटीत ठेवतात. १९४५ संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. नामावलीतील नावे मात्र २०२५ मध्ये ३ लाख ४९ हजारांच्या पुढे गेली, कारण बाँबमधून वाचलेला माणूस पुढे साठ-सत्तर वर्षे जगून वार्धक्याने गेला, तरी त्याचे नाव तिथेच येते. एक खंड तर ज्यांची नावेच कळली नाहीत त्यांच्यासाठी आहे आणि त्याची पाने कोरी आहेत. हे खाते अजून मिटलेले नाही, म्हणूनच दरवर्षी ते उघडावे लागते. तू ज्याला पुनरावृत्ती म्हणतोस, ती इथे कामाची निकड आहे.

समारंभात पाणीही अर्पण केले जाते, कारण भाजलेली माणसे त्या दिवशी पाण्यासाठी तळमळत मेली. सव्वाआठला घंटा वाजते आणि एक मिनिट सारे स्तब्ध उभे राहतात. उद्यानाबाहेरच्या आंदोलकांचे भोंगे मात्र तेवढ्यातही ऐकू येऊ शकतात, आणि मला ते फारसे खटकले नाही.

ही प्रथा सरकारी कृपेने रुजली, असेही नाही. १९४७ साली महापौर शिन्झो हामाई यांनी पहिली शांतिघोषणा वाचली, तेव्हा शहर अमेरिकी ताब्यातील देशात होते. १९५० साली, कोरियन युद्ध सुरू झाल्यावर, समारंभ होऊच शकला नाही. शहराने सगळ्याच मृतांना लगेच सामावून घेतले, असेही नाही: कोरियन बळींचे १९७० साली उभारलेले स्मारक उद्यानाच्या आत यायला १९९९ उजाडले.

आपलाही इथे संबंध आहे, आणि तो सुखाचा नाही. कोणत्याही देशाने अणुचाचणी केली की हिरोशिमाचे महापौर निषेधाचे पत्र पाठवतात. १९६८ पासूनच्या या प्रथेतून १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर आपला देशही सुटला नाही. त्या मे महिन्यात आपण दोघांनी पेढे वाटले होते, हे तुला आठवत असेलच.

२०२५च्या मार्चअखेर हयात पीडितांची संख्या प्रथमच एक लाखाच्या खाली आली आणि त्यांचे सरासरी वय ८६च्या पुढे गेले आहे. त्यांच्या आठवणी ऐकून त्या पुढे सांगणारी माणसे महापालिका २०१२ पासून तयार करते आहे. पण ऐकीव साक्षीला किती वजन येईल, याची मला धास्ती वाटते.

एक प्रश्न तुझ्यासाठी राखून ठेवला आहे. ‘शांतपणे विसावा घ्या, ही चूक पुन्हा होणार नाही’, अशा आशयाचे शब्द त्या पेटीवर कोरले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात वेगळा निकाल देणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल १९५२ साली इथे आले, तेव्हा त्यांनी त्यावर आक्षेप घेतला की बाँब जपान्यांनी टाकला नाही, मग ही चूक कोणाची? ही शपथ साऱ्या मानवजातीची आहे, असे हिरोशिमाचे म्हणणे. मला हिरोशिमाचे पटते, पण तू वकील आणि पाल यांचा चाहता, तेव्हा त्यांची बाजू मांडून सविस्तर उत्तर पाठव.

तुझा,
माधव